मंगलताईंची सतरा मिनिटं

मंगलताईंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी परचेसमध्ये होते, त्या गेज रूममध्ये. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या स्टिअरिंगचे भाग जुळवले जायचे. त्यातली एक बोटभर पिन आम्ही भोसरीच्या एका लहानशा शेडमधून करून घ्यायचो. एका मे महिन्यात या पिनांचा अख्खा लॉट गेज रूमनं नापास करून बाजूला ठेवला. दुपारी दोननंतर जुळणीच्या लाइनला पिन नव्हती. पुरवठादार माझ्या टेबलासमोर बसून सांगत होता की त्यानं स्वतःच्या हातानं एकेक पिन मोजलीय. मी तरातरा खाली गेले.

गेज रूम म्हणजे भागांची मापं तपासायची, काचेची, बारा महिने वीस डिग्रीवर ठेवलेली खोली. आत एक बुटकी बाई साडीवर निळा एप्रन चढवून उभी होती. बांगड्या काढून एका डबीत ठेवलेल्या. बांगडीचा ओरखडा गेजवर उठतो म्हणून. मी विचारलं, त्यांच्याकडे बरोबर भरलेली पिन आपल्याकडे बारीक कशी भरते? तिनं हातातल्या मायक्रोमीटरवरून नजर न हलवता मलाच विचारलं,

"कुठं मोजली? कधी मोजली? कशानं मोजली?"

भोसरीत, दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये. लोखंड तापलं की फुगतं, हे मी शाळेत शिकले होते आणि विसरले होते. ती म्हणाली, तिथं बरोबर भरली हे खरं, इथं बारीक भरली हेपण खरं, पण ड्रॉइंगवर वीस डिग्री लिहिलंय. मी लाइन थांबेल म्हणाले. "थांबू द्या की," ती म्हणाली. "लाइन पुन्हा चालू हुईल, मॅडम. घाटात गाडी वळली न्हाई तर कुणाला विचारायचं?"

लाइन चार तास थांबली. मी वर बोलणी खाल्ली. पुढच्या महिन्यात मी कँटीनमध्ये डबा घेऊन तिच्यासमोर बसायला लागले, ते पुढे आठ वर्षं.

लातूर जिल्ह्यातलं एक खेडं तिचं सासर. नवरा भोसरीला विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायला आला, मागून ही आली. कंत्राटदाराकडून आमच्या पॅकिंगला लागली, पिना तेलात बुडवून कागदात गुंडाळायच्या. एकदा गुंडाळता गुंडाळता तिनं दोन पिना वेगळ्या काढून ठेवल्या, हाताला वेगळ्या लागतात म्हणून. मोजल्या तर खरंच वेगळ्या. गेज रूमच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या इन्चार्जनी तिला आत घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. बारावी नापास बाई इंजिनिअर पोरांना मायक्रॉन शिकवते याचं कुणाला कौतुक वाटायचं, कुणाला राग यायचा. तिला दोन्हीशी देणंघेणं नव्हतं.

"साधारण" आणि "अंदाजे" हे दोन शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, आज लई उकडतंय, की ती विचारायची, कुठं? तिच्या खोलीत रोजच वीस. डांगे चौकात भाजी घेताना ती आधी काटा रिकामा बघायची, भाजीवाला तिला पाहिलं की न सांगताच काटा पुसायचा. एप्रनच्या खिशात पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची पांढरी कार्डं असायची. जे मोजलं ते त्यावर लिहायचं, आणि आकड्याआधी ठिकाण, वेळ, साधन. नुसता आकडा म्हणजे तिच्या लेखी अफवा.

एकदा टाइम ऑफिसच्या बाहेरचं घड्याळ पुढे जायला लागलं. सकाळच्या शिफ्टला धावत आलेल्या बायकांवर लेट मार्क बसू लागले. तक्रार केली तर टाइम ऑफिसवाला म्हणायचा, घड्याळ कंपनीचं आहे, तुमचं नाही. मंगलताईंनी तीन दिवस रोज घड्याळ तपासलं, कार्ड लिहिलं, आणि चौथ्या दिवशी स्टूल मागवून घड्याळाच्या काचेवर गेज रूमचं लाल लेबल चिकटवलं. बिघडलेल्या मापन-साधनावर लावतात ते, "वापरू नये" छापलेलं. एचआरनं बोलावून विचारलं की हा काय प्रकार आहे. ती म्हणाली, कंपनीच्या नियमात लिहिलंय, ज्याच्यावर माप ठरतं ते साधन तपासलेलं पाहिजे, मी तपासलं, नापास झालं. लेबल काढायचा अधिकार गेज रूमशिवाय कुणाला नव्हता, हेही त्याच नियमात होतं. दुपारपर्यंत घड्याळ दुरुस्त झालं.

अशा बाईच्या घरात मात्र तिचं कोणतंच माप चालत नव्हतं.

हे मला दोन-तीन वर्षांनी कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, डबे उघडताना आणि बंद करताना. तिचा एकुलता मुलगा किरण, वरचा ओठ दुभंगलेला जन्माला आला. वर्षाचा असताना पुण्यात शस्त्रक्रिया झाली. ओठ जुळला, वण राहिला, बोलण्यात थोडं नाकातलं राहिलं. किरण पोटात असताना सातव्या महिन्यात चंद्रग्रहण आलं होतं. हनुमान जयंतीचा दिवस. रेडिओवर ग्रहणाची बातमी लागली आणि सासूनं सांगितलं, आत अंधारात सरळ पडून राहायचं, विळीला हात लावायचा नाही. संध्याकाळी देवळातून माणसं जेवायला आली, घरात दुसरी बाई नव्हती, हिनं उठून कांदा चिरला. दोन-अडीच महिन्यांनी मूल झालं. सासूनं आधी मुलाचा ओठ बघितला, मग विळी बघितली.

तेव्हापासून गावात तिचं नाव विळीवाली. बारशाला चार बायकासुद्धा आल्या नाहीत. नवरा वाईट नव्हता, पण तो गप्प बसायचा, आणि गप्प बसणं कुणाच्या बाजूचं असतं हे मी सांगायला नको. पुढे तो वारला. सासू थेरगावात यांच्याकडेच राहायला आली, तिथंही गोष्ट सोबत आली. किरणची दोन स्थळं मोडली, दोन्ही वेळा म्हातारीनं पाहुण्यांना आपणहून कारण सांगितलं, मुलाचा दोष नाही, आईनं केलं.

मी एकदा विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते? तर म्हणे, ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळून झालेला असतो, सातव्यात कापायला काही उरत नाही. म्हणजे प्रश्न मिटला, मी म्हटलं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मला ठाऊक हाय, मॅडम. पण डायल गेज असतंय बघा, सगळं पुसून, साफ करून लावलं तरी एखाद्याचा काटा शून्यावर येतच न्हाई. तसं हाय."

पुढे किरणचं लग्न जमलं. यंदा अश्विनीला, म्हणजे तिच्या सुनेला, दिवस गेले. आणि पाचवा महिना चालू असताना धुळवडीच्या दिवशी चंद्रग्रहण आलं.

किरणनं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ग्रहण दुपारी तीन-वीस ते संध्याकाळी सहा-सत्तेचाळीस, वेध सकाळपासून, गर्भवतींनी काय करू नये याची लांबलचक यादी. म्हातारीनं त्यावरून फर्मान काढलं. सूर्योदयापासून ग्रहण सुटेपर्यंत अश्विनीनं आतल्या खोलीत राहायचं, पडदा लावून, अन्नपाणी नाही. अश्विनीच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी दर तीन तासांनी खायला सांगितलेलं. एकदा बाथरूमच्या दारात तिला भोवळही आली होती. मंगलताईंनी हे सांगितल्यावर किरण म्हणाला की एक दिवस उपास केल्यानं कुणी मरत नाही.

ती माझ्याकडे वर परचेसमध्ये आली. आठ वर्षांत पहिल्यांदा. हातात मेसेजमधल्या वेळा उतरवलेलं कार्ड.

"मॅडम, ह्या वेळा कुठल्या गावच्या?"

मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर ग्रहणाच्या वेळा दाखवणारी एक वेबसाइट उघडली. ती आपणहूनच आपलं ठिकाण ओळखते आणि तिथून ग्रहण कधी दिसेल ते सांगते. उत्तर आलं की तुमच्या ठिकाणाहून हे ग्रहण दिसणार नाही. मला आनंदच झाला. प्रिंट काढून दिला, म्हटलं, घ्या, सून सुटली.

ती उभ्यानं सगळा कागद वाचत राहिली. मग सगळ्यात वर, बारीक अक्षरात लिहिलेल्या एका नावावर तिनं बोट ठेवलं. ते आमच्या मालक कंपनीच्या जर्मनीतल्या गावाचं नाव होतं. आमचं सगळं नेट तिकडच्या सर्व्हरवरून फिरून यायचं, त्यामुळे वेबसाइटला वाटलं की मी तिथंच बसलेय. अकरा वर्षं त्या कॉम्प्युटरवर मला जर्मन भाषेतल्या जाहिराती दिसत होत्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"तुमी जर्मनीत बसून थेरगावचा चंद्र बघायलाव," ती म्हणाली, आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवर ठिकाण हातानं टाकलं, थेरगाव. आता वेगळं उत्तर आलं. ग्रहण दुपारी तीन-वीसला लागणार हे खरं, पण तेव्हा चंद्र आपल्या क्षितिजाच्या खाली असणार. आपल्याकडे चंद्र उगवणार सहा-एक्केचाळीसला, ग्रहण लागलेलाच. आणि सहा-सत्तेचाळीसला ते सुटणार. तिनं वाटी, लिंबू आणि माझा चष्म्याचा डबा घेऊन टेबलावर पृथ्वी फिरवून बघितली, पटलं तेव्हा कार्ड लिहिलं.

"सहा मिनिटं," ती म्हणाली. "पोरगी सहा मिनिटं आत बसंल. तेवढं मी कबूल करते."

हा सौदा घेऊन ती घरी गेली. म्हातारीनं ऐकून घेतलं नाही. किरणनं घेतलं, पण मग म्हणाला, वेधाचं काय? थोडा डळमळला मात्र. दुपारचं जेवण करू द्यावं इथपर्यंत आला. मला वाटलं, जमतंय.

तीन दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी बसली.

"हे मागच्या ग्रहणांचं पण सांगतंय का?"

किती मागच्या, मी विचारलं. तिनं किरणचं जन्मवर्ष सांगितलं आणि म्हणाली, त्या सालची हनुमान जयंती.

मी फोनवर साल टाकलं, तिच्या तालुक्याचं नाव टाकलं. रेडिओनं खोटं सांगितलं नव्हतं. ग्रहण होतं. पूर्वेकडच्या राज्यांत दिसलंही असणार, तिकडे चंद्र लवकर उगवतो. पण लातूरकडे चंद्र उगवला सहा-चाळीसला आणि ग्रहण सुटलं होतं सहा-तेवीसला. तिच्या गावच्या आभाळात ग्रहण लागलेला चंद्र त्या दिवशी आलाच नव्हता. तिनं कांदा चिरला तेव्हा जो चंद्र वर होता तो धडधाकट होता, किंवा अजून उगवलाच नव्हता.

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं आकडे वाचले. ठिकाणाचं नाव वाचलं. मग पुन्हा आकडे.

"सतरा मिनिटं," ती म्हणाली.

एवढंच. प्रिंट काढून मागितला, चार घड्या घालून एप्रनमध्ये ठेवला. गेज रूममधल्या पोरींनी नंतर सांगितलं की त्या दुपारी ताईंनी एकच पिन तीनदा मोजली.

मी घरी जाताना बसमध्ये हिशोब जुळवत होते. हा कागद म्हातारीपुढे टाकायचा. पंचांग मानते ना, मग पंचांगाचाच नियम, जिथं ग्रहण दिसत नाही तिथं ते पाळायचं नाही. तीस वर्षांचा आळ एका कागदात धुऊन जातो. किरणलाही दाखवायचा. दोन दिवसांनी मी कँटीनमध्ये विचारलं, दाखवला का?

तिनं खिशातून कागद काढून टेबलावर उलगडला. त्यावर लाल लेबल चिकटवलेलं होतं. वापरू नये.

मी म्हटलं, काय चुकलं? वेळ चुकली का?

"माप बरोबर हाय. दोनदा तपासलं."

मग?

ती शांतपणे बोलली, पण मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"कामून वापरू? चंद्र उगवला नव्हता मनून मी सुटले, असं सांगू? मंजी उगवला असता तर मी गुन्हेगार होते. आमच्याच गावात लोहाराची एक सून होती, तिच्या पोरीचा ओठ असाच. तिच्या वेळंला ग्रहण चांगलं डोक्यावर होतं, सगळ्या गावानं बघितलं. तिला काय सांगू? माझा कागद आला, तुझा येणार न्हाई? आन् अश्विनीला सहा मिनिटं आत बसवायला निघाले होते मी. सहा मिनिटं कबूल केली की सगळंच कबूल केलं, मॅडम. मी चुकीच्या गेजनं मोजायले होते."

मी व्यवहारी बाई आहे. मी तिला सांगितलं की लोहाराची सून आता कुठं असेल कुणास ठाऊक, तुमच्या हातात तुमची सुटका आहे, ती घ्या, तत्त्वाचं नंतर बघू. किमान मुलाला तरी दाखवा. ती म्हणाली, त्याला कागद बघून आई निर्दोष वाटायची असंल तर न वाटलेली बरी. हे ऐकून मला राग आला, हे कबूल करते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ही बाई हट्टी आहे. तो म्हणाला, तू तिच्याबरोबर का जेवतेस मग?

धुळवडीला कंपनी बंद होती. तिनं मला बोलावलं होतं, साक्षीला या म्हणाली. पाच वाजता मी थेरगावला पोचले. रस्ते रंगानं चिकट झालेले, जिन्यात हिरवे-जांभळे पाय उमटलेले. चौथ्या मजल्यावर तिचं घर. बाहेरच्या खोलीत म्हातारी भिंतीकडे तोंड करून माळ ओढत बसलेली, पाण्याच्या प्रत्येक भांड्यावर तुळशीचं पान. आणि ओट्यापाशी अश्विनी उभी राहून पोहे खात होती. दुपारी ती नीट जेवली होती, कोशिंबिरीची काकडी तिनं स्वतः चिरली होती. कुणी सांगितलं म्हणून नाही. मंगलताईंनी सकाळी फक्त एवढंच म्हटलं होतं, भूक लागली तर खा, नसली लागली तर नको खाऊ, बाकी दिवस रोजचाच आहे. मी अश्विनीला विचारलं, भीती वाटत नाही का? ती म्हणाली, "वाटते ना. पण चक्कर यायची भीती जास्त वाटते."

किरण सकाळीच रंग खेळायला निघून गेला होता. वाद नको म्हणून.

सव्वासहाला आम्ही तिघी गच्चीवर गेलो. म्हातारी मागून म्हणाली, एकाचं वाटोळं करून भागलं नाही का. मंगलताई थांबल्या नाहीत. गच्चीवर दोन पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या गोधड्या. पूर्वेला चिंचवडच्या बाजूला इमारतीच इमारती, त्यांच्यावर धुरकट, विटकरी हवा. शेजारच्या गच्चीवरून एका बाईनं पाहिलं आणि हाक मारली, अगं पोटुशी बाई, खाली जा. अश्विनीनं हात हलवून नमस्कार केल्यासारखं केलं आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

साडेसहाला किरण वर आला. म्हातारीनं फोन केला असणार. तोंडभर हिरवा रंग, तो ओठावरच्या वणात साचून तिथं गडद रेघ झालेली. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. अश्विनीला म्हणाला, चल खाली. ती हलली नाही. तेव्हा तो आईकडे वळला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या हातनं जे झालं ते झालं, आई. मी कधी काय बोललो का तुला? शाळेत पोरं बोबडा म्हणायची तरी बोललो न्हाई. पण तिच्या हातनं तसं होऊ देणार न्हाई."

तो कागद घडी करून तिच्या कमरेच्या पिशवीत होता. मला माहीत होतं, गच्चीवर येताना तिनं तो मला दाखवला होता. मी तिच्याकडे बघत राहिले. आता काढेल, मला वाटलं. आता कोणीही काढेल. माझ्या फोनवरही तेच सगळं होतं, मला नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी गप्प बसले.

"मी कांदा चिरला," ती किरणला म्हणाली. "हे खरं हाय. त्याच्या आदल्या दिवशी पण चिरला, दुसऱ्या दिवशी पण. तुझा ओठ त्यानं फाटला न्हाई. ग्रहण असू दे न्हाईतर नसू दे. मी तुला हे तीस वर्षांत सांगायला पायजे होतं, सांगितलं न्हाई, कारण मलाच खात्री नव्हती. ती माझी चूक. चिरण्याची न्हाई."

"आणि हिला काही झालं तर?"

"तर तुज्यासारखंच डॉक्टरकडं नेऊ. हिच्यावर दोष घालणार न्हाई. तूपण घालायचं न्हाईस."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी ढोल बडवत होतं. किरणनं अश्विनीला पुन्हा विचारलं, येतेस का? या वेळी ते विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, बघून येते. तो जिन्याच्या दाराशी गेला, खाली मात्र उतरला नाही. तिथंच पायरीवर बसला.

सहा-एक्केचाळीस झाले. चंद्र काही दिसला नाही. समोर नवी बारा मजल्यांची इमारत होती आणि तिच्या मागं जे काही चाललं होतं ते तिच्या मागंच चाललं. सहा-सत्तेचाळीस झाले. अश्विनीनं मला हळूच विचारलं, झालं का? मी म्हटलं, वेळेनुसार झालं. ती हसायला लागली. एवढ्यासाठी सकाळपासून घाबरत होते, म्हणाली.

सात वाजल्यानंतर त्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीजवळून चंद्र वर आला, पूर्ण, तांबूस, थोडा मळकट. मंगलताईंनी कार्ड काढून लिहिलं. थेरगाव, गच्ची, साध्या डोळ्यांनी. ग्रहण दिसले नाही. पूर्वेला इमारत. मी म्हटलं, एवढं करून दिसलंच नाही. "दिसलं न्हाई तर दिसलं न्हाई लिहायचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात जराही निराशा नव्हती.

जूनमध्ये मी कंपनी बदलली. आता मी तळेगावला जाते. अश्विनी पावसाळ्यात बाळंत झाली. जुन्या कंपनीतल्या बायका, माझ्या सोसायटीतल्या ज्यांना मी ही हकिकत सांगितली त्या, सगळ्या एकच प्रश्न विचारतात आणि विचारताना आवाज खाली आणतात. बाळाचा ओठ कसा आहे? मला उत्तर माहीत आहे. मंगलताईंनी फोनवर सांगितलं, आणि लगेच बजावलं की कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, नीट आहे म्हणालात तर म्हणतील, बघा, काही झालं नाही, ग्रहण दिसलंच नव्हतं ना. नीट नाही म्हणालात तर काय म्हणतील ते मला तीस वर्षं पाठ आहे. दोन्हीकडून ते चंद्रालाच विचारणार. त्यामुळे इथंही मी ते लिहिणार नाही. ज्यांना ते कळल्याशिवाय ही गोष्ट अपुरी वाटते, त्यांना ती अपुरी वाटू दे.

परवा संध्याकाळी मी रिक्षानं डांगे चौकातून जात होते. सिग्नल बंद पडलेला, चारी बाजूंनी गाड्या घुसलेल्या, कुणी कुणाला सोडत नव्हतं. मंगलताई फूटपाथवरून खाली उतरल्या. खांद्यावर बाळ, त्याचं तोंड त्यांच्या मानेशी, टोपरं तेवढं दिसत होतं. मागून किरण डॉक्टरची फाईल आणि पिशवी घेऊन. एका बसवाल्यानं हॉर्न वाजवला. त्यांनी चालत चालतच मोकळा हात उभा केला, पंजा सरळ बसच्या काचेकडे, आणि वेग कमी न करता त्याच्यासमोरून पार गेल्या. बस थांबली होती. किरणही धावत मागून गेला.